पाकिटावरचा मिशीवाला

आमच्या विंगमधल्या एकाने मागच्या सेमिस्टरला जुन्या बाजारातून एक रेझर आणला. घासाघीस करून दीडशे रुपयांत. धातूचा, जड, हातात घेतल्यावर बरं वाटणारा. पण अवस्था बघवत नव्हती. मुलामा जागोजागी काळवंडलेला, खालच्या दात्यांमध्ये साबणाचा अक्षरशः दगड झालेला, दांडीच्या खाचांत हिरवट काहीतरी, आणि आत कुणा अनोळखी गृहस्थाच्या दाढीचं गंजकं ब्लेड तसंच अडकलेलं! गडी इतका उत्साही, की ते ब्लेड काढून, नवं टाकून, रेझर नळाखाली एकदा खळबळून थेट गालाला फेस लावायला बसला. रूम पार्टनरने हात धरला म्हणून बरं.

मग रीतसर परिसंवाद झाला. कुणी म्हणालं उकळ, कुणी म्हणालं डेटॉलमध्ये बुडव. शेवटी चिंच जिंकली. रेझर पितळेचा, आणि पितळ म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या आज्यांचं एकमत आहे. रात्रभर चिंचेच्या कोळात आणि सकाळी काथ्याने खसाखसा. जे बाहेर आलं ते चकचकीत होतं खरं, पण अर्धा मुलामा निघून गेला होता आणि उघड्या पडलेल्या पितळेवर गुलाबी डाग उमटले होते. मटेरियल सायन्सच्या सरांना दाखवला तर ते आधी पोटभर हसले आणि मग तिथेच कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्यांनी आमची तोंडी परीक्षा घेतली.

रेझरच्या खालच्या पट्टीवर नाव कोरलेलं होतं, जिलेट. हे नाव आपल्याला कंपनीचं म्हणून माहीत. पण हा एक खराखुरा माणूस होता, आणि भलताच अजब होता. एकेकाळी त्याच्या कंपनीच्या ब्लेडच्या प्रत्येक पाकिटावर त्याचा फोटो असे. नीट भांग पाडलेला, कॉलर कडक, आणि मिशी झुबकेदार. जगाला रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायला लावणाऱ्याने स्वतःची मिशी मात्र जन्मभर सांभाळली!

किंग कॅम्प जिलेट. यातलं किंग ही पदवी नाही, पाळण्यातलं नाव आहे. जन्म ५ जानेवारी १८५५, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, फाँ ड्यू लॅक नावाच्या गावी. पुढे कुटुंब शिकागोला आलं. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा होता आणि घरात सगळ्यांनाच काहीतरी खटपट करून नवीन वस्तू बनवायचा नाद. आई फॅनी हिने पुढे १८८७ मध्ये व्हाइट हाउस कुकबुक नावाचं पाकपुस्तक काढलं, ते अमेरिकेत घरोघरी गेलं. म्हणजे घरात पहिली प्रसिद्ध व्यक्ती आईच.

१८७१ मध्ये शिकागोला प्रचंड आग लागली. त्यात वडिलांचा धंदा जळून गेला. किंग तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. शिक्षण संपलं आणि नोकरी सुरू झाली. पुढची जवळजवळ तीस वर्षं हा माणूस फिरता विक्रेता होता. आज हे गाव, उद्या ते गाव, लॉज, रेल्वे आणि हातात नमुन्यांची पेटी. अधूनमधून चारदोन पेटंट्स घेतली, पण त्यांतून पैसा काही सुटला नाही.

१८९० नंतर तो बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. सोड्याच्या बाटलीला जे दातेरी पत्र्याचं बूच असतं ना, ते शोधून काढणारा विल्यम पेंटर त्याचा साहेब. हे बूच एकदा उघडलं की गेलं. पुन्हा बाटली, पुन्हा बूच. पेंटरने त्याला सल्ला दिला की तूही असंच काहीतरी शोध, जे लोक वापरून फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील. जिलेटच्या डोक्यात हा किडा शिरला तो शिरलाच. प्रवासात म्हणे तो अक्षरं क्रमाने घेऊन एकेक वस्तू आठवायचा आणि हे फेकता येईल का, याचा विचार करायचा.

गंमत बघा. याच काळात, १८९४ मध्ये, त्याने एक पुस्तक लिहिलं, द ह्यूमन ड्रिफ्ट. त्यात तो सांगतो की जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ स्पर्धा आहे. दहा कंपन्या एकच वस्तू बनवतात, एकमेकींचे पाय ओढतात, माणसांचे श्रम फुकट जातात. त्यावर त्याचा उपाय असा, की सगळे उद्योग एकाच कंपनीत घालायचे आणि तिची मालकी सगळ्या जनतेची. अमेरिकेतले जवळजवळ सगळे लोक नायगारा धबधब्याजवळच्या एकाच अवाढव्य शहरात राहतील, वीज धबधब्याची. उंच उंच गोल इमारतींत घरं, आणि जेवणासाठी वेगळ्या सामाईक इमारती. थोडक्यात काय, सगळ्या देशाचं एकच हॉस्टेल आणि एकच मेस! आपल्याला त्यातला मेसचा भाग वाचून जरा भीती वाटते, पण त्याने हे विनोदाने लिहिलेलं नव्हतं. दिवसा माल विकणारा आणि रात्री बाजारपेठच बंद करायच्या योजना आखणारा माणूस होता तो.

आणि मग १८९५ ची ती सकाळ. बोस्टनजवळ ब्रुकलाइनमध्ये तो राहत होता. दाढी करायला बसला तर वस्तरा बोथट. नुसत्या चामड्याच्या पट्ट्यावर घासून भागेना, धारवाल्याकडेच न्यावा लागणार होता. वस्तरा हातात धरून बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की कापायचं काम करते ती फक्त कड. त्या कडेला आधार म्हणून एवढं जाडजूड पोलाद आपण बाळगतो, आणि ती कड जपण्यात आयुष्य घालवतो. मग फक्त कडच का बनवू नये? पातळ पत्र्याचं, दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं. दोन पट्ट्यांमध्ये घट्ट धरायचं आणि बोथट झालं की फेकायचं. त्याच दिवशी दुकानातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगला वापरतात तसली पोलादी पट्टी, कानशी आणि छोटा हातशेगडा आणून त्याने कच्चा नमुना केला. बायको ॲटलँटा माहेरच्या बाजूला ओहायोत गेली होती. तिला लगेच पत्र लिहून कळवलं, की आपलं भाग्य उजळलं.

ते उजळायला आठ वर्षं लागली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे क्विझमध्ये हमखास चुकीचं उत्तर देतात. सेफ्टी रेझर जिलेटने शोधला नाही. कातडीला मोठी जखम होऊ नये म्हणून पात्यापुढे आड बसवायची कल्पना फ्रान्समध्ये अठराव्या शतकातली आहे, आणि १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी फावड्यासारख्या आकाराचा सेफ्टी रेझर पेटंट केला होता. पण त्यातलं पातं जाडच होतं, त्याला धार लावत बसावं लागे. जिलेटचं नवं काय, तर पातळ, फेकाऊ पातं.

आणि नेमकं तेच बनेना! पातळ पत्रा तापवून एकदम गार केला की तो कडक होतो, पण वाकडाही होतो. हीट ट्रीटमेंटचं प्रॅक्टिकल केलेल्यांना सांगायला नको. आमचा तर जाड नमुनासुद्धा वाकडा निघाला होता. जिलेट धातू जाणणाऱ्या लोकांकडे गेला, एमआयटीतल्या तज्ज्ञांकडे गेला (बोस्टनची एमआयटी, आपली कोथरूडची नव्हे). सगळ्यांनी सांगितलं की नाद सोड, इतक्या पातळ पोलादाला अशी धार येणार नाही. पुढे तो म्हणायचा, की आपण तांत्रिक शिक्षण घेतलं असतं तर आपणही तेव्हाच सोडून दिलं असतं. इंजिनिअरिंगच्या मासिकात हे छापावं का, असा प्रश्न मला पडला होता. पण पुढची गोष्ट ऐका.

कारण हे काम शेवटी केलं ते एका इंजिनिअरनेच, आणि तोही एमआयटीचाच. विल्यम निकरसन, १८७६ चा पदवीधर. पाकिटावर त्याचा फोटो कधीच आला नाही. १९०१ मध्ये मध्यस्थांनी त्याच्याकडे ही कल्पना नेली. आधी तो नाही म्हणाला, मग थोडे दिवस विचार करून हो म्हणाला. पोलादाची पट्टी वाकू न देता कडक कशी करायची याची पद्धत त्याने बसवली, धार लावायची यंत्रं तयार केली, आणि पातं नेमकं बसावं म्हणून दांडी आणि टोपीची रचना पक्की केली. कंपनी सप्टेंबर १९०१ मध्ये स्थापन झाली. जागा बोस्टनच्या बंदरावर, मासळीच्या दुकानाच्या माडीवर. कंपनीला निकरसनचं नाव द्यायचा विचार झाला नाही, कारण इंग्रजीत त्या नावाची सुरुवातच कापलं जाण्यावरून होते. दाढीच्या सामानाला तसलं नाव कोण देणार! ही गोष्ट खरी की रचलेली, हे देव जाणे, पण सांगतात सगळे.

माल बाजारात आला १९०३ मध्ये. वर्षभरात खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. आपल्या एका हॉस्टेलला पुरले नसते. दुसऱ्या वर्षी, १९०४ मध्ये, ९०,८८४ रेझर खपले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला पेटंट मिळालं.

आता परत विंगमधल्या रेझरकडे येतो, कारण तो याच वंशातला. टोपी, दातेरी पट्टी आणि दांडी, असे तीन तुकडे. दांडी फिरवली की सगळं सुटं. टोपीला किंचित बाक असतो. त्यामुळे दांडी आवळली की सरळ पातं वाकतं, आणि वाकलं की थरथरत नाही. तीन तुकड्यांच्या रचनेचा एक फायदा तेव्हा जाहिरातीत सांगण्यासारखा वाटला नसेल, पण जुना रेझर घेणाऱ्याला तो सोन्यासारखा आहे, तो म्हणजे आतलं काहीच लपलेलं राहत नाही. दांडीचं बूड फिरवून वरची दोन झाकणं कपाटासारखी उघडणारे रेझर १९३० च्या दशकात आले. ते ऐटबाज खरे, पण त्यांच्या बिजागऱ्यांत साठलेलं काढताना जीव जातो.

सरांच्या त्या कॉरिडॉरमधल्या शिकवणीचं सार असं. आधी जुनं ब्लेड काढायचं, चिमट्याने, बोटांनी नव्हे. ते कचऱ्यात सुटं टाकायचं नाही, पत्र्याच्या डबीत बंद करून टाकायचं, म्हणजे सफाईला येणाऱ्या मावशींचा हात कापणार नाही. मग सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून अर्धा तास ठेवायचे आणि मऊ टूथब्रशने घासायचे. दात्यांतला पांढरा दगड म्हणजे बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण यांचं लग्न. तो भिजला की बराचसा ब्रशने निघतो. उरलाच तर पाणी घातलेल्या व्हिनेगरचा बोळा दोन मिनिटं लावायचा आणि लगेच धुऊन टाकायचं. रात्रभर आंबटात बुडवून ठेवलं की आम्ल पितळेतलं जस्त खातं आणि तांबं मागे उरतं. आमचे गुलाबी डाग ते हेच! काथ्या, ब्रासो, भांड्यांची पावडर यांना मुलाम्याच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. मुलामा म्हणजे केसापेक्षा पातळ थर, तो एकदा गेला की गेला. उकळायचंही नाही, विशेषतः दांडीला रंग किंवा बेकेलाइट असेल तर.

अमोनिया असलेली काच पुसायची औषधंही नकोत, आणि याचं कारण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात साठवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा जायच्या. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं. घोड्यांच्या तबेल्यांतून हवेत येणारा अमोनिया, आणि घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण. जुन्या जिलेटच्या पोकळ दांड्यांवरही अशा उभ्या चिरा पुष्कळदा दिसतात. जुन्या बाजारात घेताना आधी दांडी फिरवून बघा, तडा असेल तर सोडून द्या.

हे झालं स्वच्छ करणं. जंतू मारणं ही पुढची पायरी, आणि हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण मळाखाली औषध पोचतच नाही. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, सुटे भाग त्यात दहा मिनिटं बुडवायचे आणि हवेवर वाळू द्यायचे. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण नाही. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. आणि हो, ते पेट घेतं, तेव्हा रूममध्ये लपवलेली हॉट प्लेट (ती कुणाकडेच नाही, हे रेक्टर सरांना माहीत आहेच) आधी बंद करा. हे सगळं चोचलेगिरी वाटत असेल तर एवढंच लक्षात घ्या, की हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. बाजारातला रेझर वर्षानुवर्षं पडून असतो, त्याचा धोका कमीच. पण आज रात्री मित्राकडून दाढीसाठी मागितलेला रेझर? विंगमध्ये एकच रेझर चौघांत फिरताना मी पाहिला आहे. तो चौथा मीच होतो. आता नाही.

जिलेटची गोष्ट अर्धवट राहिली. पैसा आला तसं भांडणही आलं. कंपनी सुरुवातीलाच कर्जात बुडत होती, तेव्हा बोस्टनच्या जॉन जॉइस नावाच्या धनिकाने तिला वाचवलं, आणि हळूहळू सूत्रं त्याच्या हातात गेली. दोघांची वर्षानुवर्षं जुंपली होती. शेवटी जिलेटने आपला मोठा हिस्सा विकला. अध्यक्षपद आणि पाकिटावरचा फोटो राहिला, सत्ता गेली.

मॅनेजमेंटच्या वर्गात हमखास सांगतात, की जिलेटने दांडी फुकटात वाटली आणि ब्लेडवर कमावलं. हेही अर्धसत्य. पेटंट होतं तोवर रेझर पाच डॉलरना होता, म्हणजे तेव्हाच्या कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा चांगला लचका. स्वस्त रेझर कंपनीने आणला तो १९२१ मध्ये, पेटंट संपून नकला येणार हे दिसल्यावर. फुकट म्हणावं असं वाटप झालं ते पहिल्या महायुद्धात. अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख ब्लेड घेतले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही, म्हणून रोज दाढी सक्तीची. शिपाई घरी परतले ते ती सवय आणि तो रेझर घेऊनच. त्याच युद्धात सैनिकांना ॲन्थ्रॅक्स झाला होता तो दाढीच्या ब्रशमुळे, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे. म्हणून सांगतो, जुन्या बाजारातून रेझर आणा, ब्रश आणू नका.

वापरून फेका, हे ठीक. पण फेकायचं कुठे? अमेरिकेत पुढे बऱ्याच घरांत बाथरूमच्या कपाटाच्या पाठीला एक बारीक फट असे. जुनं ब्लेड त्यातून सरकवायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडायचं, बस्स! आजही तिकडे जुनी भिंत फोडली की शेकडो गंजकी ब्लेड खाली येतात.

करोडपती झाल्यावर जिलेट नायगाराचं शहर विसरला असेल असं वाटेल, पण नाही. १९१० मध्ये त्याने जगभरची एकच कंपनी काढायची योजना केली आणि तिचं अध्यक्षपद थिओडोर रूझवेल्टला देऊ केलं, दहा लाख डॉलर मानधनावर. रूझवेल्टने नकार दिला. १९२४ मध्ये लेखक अप्टन सिंक्लेअरची मदत घेऊन त्याने पुन्हा पुस्तक काढलं. सिंक्लेअरने त्याची गाठ हेन्री फोर्डशी घालून दिली. स्पर्धेने माणूस घडतो म्हणणारा फोर्ड आणि स्पर्धेने माणूस बिघडतो म्हणणारा जिलेट, दोघांचं जमलं नाही हे वेगळं सांगायला नको.

आणि मग स्पर्धेनेच त्याला गाठलं. हेन्री गाइसमन नावाच्या उद्योजकाने वेगळ्या आकाराच्या भोकाचं ब्लेड काढलं, जे जिलेटच्या रेझरमध्येही बसे. पेटंटची भांडणं झाली आणि १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एक करायचं ठरलं. त्या वेळी हिशेब तपासले तर जिलेट कंपनीने काही वर्षं नफा कोट्यवधी डॉलरनी फुगवून दाखवल्याचं निघालं. शेअर कोसळले, त्यात १९२९ ची मंदी. जिलेटची जमीनजुमल्यात आणि शेअर्समध्ये अडकलेली संपत्ती विरघळली. १९३१ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं. ९ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात तो गेला. हातात फारसं काही उरलं नव्हतं. निकरसन त्याच्या आधी दोन वर्षं, १९३० मध्ये गेला होता.

पाकिटावरचा फोटो मात्र पुढेही बरीच वर्षं छापला जात होता. कंपनी २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने घेतली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कॅलाबासस इथे त्याने शेवटच्या काळात बांधलेली वाडी आणि भोवतालची जमीन सरकारी संस्थांनी मिळून विकत घेतली. तिथे आता कुणालाही फिरायला जाता येतं, तिकीट नाही.

आमच्या विंगमधला रेझर गुलाबी डागांसकट चालू आहे. महिन्यातून एकदा सुटा करून धुतला जातो. मालकाने त्यावर मार्करने स्वतःचा रूम नंबर घातलाय, आणि खाली लिहिलंय, मागू नये.